टेकडीमागची सरळ रेघ

गुरुवार, दुपार

प्रिय धाकट्या,

“तो पाय उचलत नाही, मग मी का उचलू?” असं तू मला एकदा विचारलं होतंस. नऊ वर्षांचा होतास तेव्हा. शाळेतून आल्या आल्या दप्तर माझ्या अंगावर टाकून तू बाबांच्या टायरच्या दुकानामागच्या त्या छोट्या रेसगाड्यांच्या इवल्याशा ट्रॅकवर पळायचास. ‘तो’ म्हणजे लाल हेल्मेटवाला. तुझ्यापेक्षा वर्षभरानं मोठा आणि तुझ्या भाषेत ‘एक नंबरचा शहाणा’. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बुटाच्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच गळ्यात, चौकटीची वही हातात, आणि उभी कुठे, तर सगळ्यात अवघड वळणाच्या जाळीला चिकटून. मी तुला सांगितलं होतं, अरे, तो वळणावर अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. मला ऐकू येतं. इंजिनाचा आवाज एवढासा बसतो आणि परत चढतो, गाणाऱ्यानं मध्येच चोरून श्वास घ्यावा तसा. तू म्हणालास, “तुला काय कळतंय? तू बसतेस का गाडीत?” आणि पुढच्याच फेरीत तू टायरांच्या ढिगात घुसलास. गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात आई तुला काही बोलली नाही, मला बोलली. “तू तिथं उभी राहून करत काय होतीस?” मी वेळ लिहीत होते. दुसरं काय करणार होते? आज तेवीस वर्षं झाली, अजून तेच करते आहे.

पत्र बघून हसशील. एकाच हॉटेलात राहतो आपण, तू चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. पण बोलायला आले की तू फोनमध्ये बघत “हं, हं” करतोस, आणि ट्रॅकवर तुझ्या कानात बोलण्याचा हक्क तुझ्या इंजिनिअरचा. मी त्याच्या शेजारी बसून त्याला आकडे पुरवते. सख्ख्या बहिणीनं भावाशी बोलायचं ते दशांश चिन्हात, तेही दुसऱ्याच्या तोंडून. म्हणून लिहिते आहे. कागद मध्येच “हं” म्हणत नाही.

घरचं बरं आहे. बाबांना आता फार कमी ऐकू येतं, पण शर्यत लागली की टीव्हीचा आवाज इतका मोठा करतात की शेजारचे दार वाजवतात. आई अजूनही शर्यत बघत नाही. तू रांगेत उभा राहिलास की ती कपाटं आवरायला घेते. ज्या वर्षी शर्यती जास्त, त्या वर्षी आपली कपाटं एकदम टापटीप. परवा फोनवर म्हणाली, “या रविवारी कुठली आहे गं? तीच का, लंबूची?” मी म्हटलं, हो, तीच. मागून डबे काढून ठेवल्याचा आवाज येत होता. शर्यतीला अजून पाच दिवस होते आणि तिनं आवरायला घेतलंसुद्धा.

लंबूचं नाव तुला आवडत नाही, माहीत आहे मला. पण आज मी ते घेणार आहे. तू टीममध्ये आलास तेव्हा तो तिथला सहा वर्षं जुना चालक होता. इतका उंच की त्याला गाडीत बसताना घडी घालूनच बसवायला लागायचं. तुझ्या आधीपासून मी तिथं काम करत होते, म्हणून तो मला ‘ताई’ म्हणायचा, आणि तू आल्यावरही त्यानं ते सोडलं नाही. तुम्हा दोघांत पहिल्या सहा महिन्यांतच बोलणं बंद झालं. गॅरेजमध्ये मधोमध ती पांढरी फळी उभी राहिली. इकडे तुझी माणसं, तिकडे त्याची. गाड्या सारख्या, टायर सारखे, पगार देणारा एकच, पण पाना उसना मागायचा तरी लोक इकडेतिकडे बघायचे. सगळी टीम वीस गाड्यांशी लढत होती म्हणे. तुम्ही दोघं एकाच गाडीशी लढत होतात. दुसरा नववा आला तर तुम्हाला आठवा येऊन पेढे वाटावेसे वाटायचे.

आणि फळीच्या दोन्ही बाजूंना सामाईक अशी एकच गोष्ट होती, माझं टेबल. टीमच्या मोठ्या साहेबांचा नियमच तसा. दोघांनी काहीही लपवायचं नाही. तुझी फेरी आणि त्याची फेरी एकावर एक ठेवून स्क्रीनवर मांडायची. तुझी रेघ निळी, त्याची नारिंगी. पाय पूर्ण दाबलेला असला की रेघ वर सरळ जाते, उचलला की खाली खाच पडते. कोण कुठे घाबरला ते सगळ्यांना दिसतं. तू लंबूच्या रेघेकडे असा बघत बसायचास की तो फळीपलीकडून ओरडायचा, “ताई, तुमच्या भावाला म्हणावं डोळे मिटून घे थोडा वेळ. माझी रेघ झिजतेय.” तू उत्तर द्यायचा नाहीस. त्याऐवजी सरावात कुठल्या तरी वळणावर मुद्दाम पाय उचलायचास, त्याला फसवायला. तोही तेच करायचा. मी मधे बसून ठरवायची की यातली कुठली खाच भीतीची आणि कुठली लबाडीची. मला वाटायचं, मला ते कळतं.

आता गेल्या वर्षीचा शनिवार. सकाळचा सराव संपला आणि लंबू तुझ्यापुढे एक दशांश सेकंदानं होता. तू हेल्मेट न काढताच माझ्या टेबलाशी आलास. “कुठे? कुठे कमी पडतोय मी?” शर्यतीतली जागा ठरवणाऱ्या दुपारच्या क्रमवारीच्या फेरीला दीड तास उरला होता. त्या वर्षाअखेर दोघांतला एकच राहणार, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. मी दोन्ही रेघा लावल्या. टेकडीमागच्या त्या आंधळ्या डाव्या वळणावर तुझ्या निळ्या रेघेत खाच होती, आणि नारिंगी रेघ वर सरळ गेली होती. तू बोट ठेवलंस. इतकं जोरात की स्क्रीन हलली. म्हणालास, “हा उचलतच नाहीये.” मी म्हटलं, दिसतंय तर तसंच. बस, एवढंच म्हणाले मी. ते तीन शब्द मी वर्षभर विसरलेले नाही.

कारण टेकडीमागे गाडीचा रेडिओसंपर्क तुटतो. सेकंदभरच, पण तुटतो. तेवढ्या वेळात गाडी काय करते ते आमच्यापर्यंत येत नाही. मग स्क्रीन रिकामी दिसू नये म्हणून मशीन काय करतं, तर आधीचा बिंदू आणि नंतरचा बिंदू यांच्यामध्ये आपली आपण सरळ रेघ ओढून टाकतं. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून गाडी परत आली की वायर लावून आतली खरी नोंद काढायची, आणि मगच दोन रेघा शेजारी ठेवायच्या, अशी आमची पद्धत. तुझ्या गाडीची वायर मी लावली होती. लंबूच्या गाडीखाली त्याचे मेकॅनिक झोपून काहीतरी बदलत होते, म्हणाले, ताई, वीस मिनिटं थांबा. मी थांबले नाही. तू डोक्यावर उभा होतास, पाय आपटत. मी रेडिओवरून आलेलीच रेघ लावली. ती सरळ रेघ लंबूची नव्हती रे. ती कुणाचीच नव्हती. मशीननं भरून काढलेली रिकामी जागा होती ती.

दुपारी तू त्या वळणावर पाय उचलला नाहीस. दोन वर्षांत पहिल्यांदा लंबूच्या पुढे गेलास. गॅरेजच्या आपल्या बाजूला लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि तू गाडीतून उतरत नव्हतास. हेल्मेट काढायला तुला किती वेळ लागला, मोजलाय मी. सवयच आहे. सात मिनिटं. उतरलास तेव्हा हातमोजे काढले नाहीस. मी नंतर तुझ्या स्टिअरिंगची नोंद बघितली. टेकडीमागे तुझी गाडी गेली होती, धाकट्या. पूर्ण निसटली होती, आणि तू ती परत आणलीस की ती आपणहून आली, ते तुलाही सांगता येणार नाही. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, “वारा होता.” त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला लंबूच्या गाडीची खरी नोंद माझ्या हातात आली. सकाळच्या फेरीत, टेकडीमागे, खाच. छोटीशी, पाव सेकंदाची, पण खाच. तू ज्याच्या मागे गेलास तो तिथं गेलाच नव्हता. मी उठले, तुला सांगायला म्हणून बाहेर आले. तू बाबांशी फोनवर बोलत होतास. त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडून ओरडून सांगत होतास, “बाबा, हरवलं त्याला! खरंखुरं हरवलं!” दोन वर्षांत मी तुला असं हसताना बघितलं नव्हतं. मी परत फिरले. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, लंबू आला. कॉफीचा कागदी पेला घेऊन, वाकून, टेबलावर कोपर टेकून त्यानं तुझी दुपारची निळी रेघ बघितली. ती खरी होती. वायर लावून काढलेली. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, “ताई, हा खरंच उचलत नाही?” मी म्हटलं, नाही. त्यानं मान हलवली. “बेटा शूर निघाला,” असं म्हणाला. कुचकटपणे नाही, मनापासून. मी खोटं बोलले नव्हते. एवढंच केलं, की पुढचं वाक्य बोलले नाही. “त्याला वाटलं तू उचलत नाहीस म्हणून,” हे ते वाक्य. आणि “त्याची गाडी तिथं निसटली होती,” हे त्याच्या पुढचं. ते त्याला सांगितलं असतं तर तुझं गुपित मी फळीपलीकडे नेऊन दिलं असतं. मला वाटलं, एवढं तरी मी तुझी बहीण असायला हवं.

शर्यतीत चौथ्या फेरीला तो टेकडीमागे गेला आणि पलीकडून बाहेर आला नाही. माझ्या स्क्रीनवर त्याची नारिंगी रेघ तुटली, नेहमीसारखी, आणि यावेळी मशीनला जोडायला पुढचा बिंदूच मिळाला नाही. टाकी भरलेली, गाडी जड, टायर गार. तुला हे सगळं गाडीत बसून कळत होतं, म्हणूनच त्या रविवारी तू स्वतः प्रत्येक फेरीत तिथं पाय उचललास. प्रत्येक फेरीत, धाकट्या. नोंद माझ्याकडे आहे. तो मात्र शनिवारच्या तुझ्यामागे लागला होता.

चौकशीच्या कागदावर ‘चालकाचा अंदाज चुकला’ असं आलं. मी मोठ्या साहेबांकडे गेले होते, हे तुला ठाऊक नाही. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रविवारी त्यानं जी रेघ पाहिली ती खरी होती ना? मग तुमची चूक कुठे आली?” मी उठले. सगळं बरोबर होतं आणि माणूस मोडला होता. दाराशी पोचले तेव्हा ते म्हणाले, “जाऊ द्या, ताई. त्याला आता उपयोग नाही, आणि तुमच्या भावाला त्रास.” पुढच्या महिन्यात टीमच्या दारात तुझा तो भला मोठा फोटो लागला, टेकडीमागच्या वळणावरचा. पत्रकारांना तू सांगायला लागलास, “तिथं पाय उचलायचाच नसतो. ते डोक्यात असतं.” दर वेळी तू हे म्हणतोस आणि मी टेबलाखाली माझी बोटं मोजते.

महिन्यापूर्वी मी लंबूकडे जाऊन आले. त्याचा पलंग खालच्या खोलीत आणलाय, जिना चढवत नाही म्हणून. मी गेले तेव्हा तो स्टुलावर बसून स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी बसवत होता. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे खालचा स्क्रू त्याच्या हाताला येत नव्हता. मी तो बसवला. बसवता बसवता, त्याच्याकडे पाठ करून, सांगून टाकलं. वळून बघितलं तर तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “म्हणजे ताई, तो माझ्यामागे धावत होता, मी त्याच्यामागे धावत होतो, आणि पुढे कुणी नव्हतंच?” मी म्हटलं, नव्हतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “तुम्ही त्या सकाळी सांगितलं असतंत तरी मी मानलं नसतं. म्हटलं असतं, बहीण आहे, भावाला पुढे ठेवायला मला घाबरवतेय. त्यानं स्वतः येऊन सांगितलं असतं तर मानलं असतं.” मग म्हणाला, “पण मीसुद्धा त्याच्याकडे कधी गेलो नसतो म्हणा.” निघताना त्यानं तुझी चौकशी केली. तू अजून फेरीआधी डावा मोजा आधी घालतोस का, विचारत होता. दोन वर्षं तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत, आणि तुझा मोजा त्याला माहीत आहे. तू एकदाही त्याला भेटायला गेला नाहीस, हे त्यानं काढलं नाही. मीही काढलं नसतं, पण आज सगळंच लिहिते आहे.

आता आजचं. फळीच्या पलीकडे यंदा जी आली आहे तिला तू ‘चिमणी’ म्हणतोस, आणि ती तुझ्यापुढे आहे हे तुला सहन होत नाही, हे गॅरेजमधल्या झाडूवाल्यालाही कळतं. एकवीस वर्षांची आहे ती. सकाळी माझ्या टेबलाशी आली, खुर्ची उलटी करून बसली आणि म्हणाली, “ताई, ती रेघ काढा ना. फोटोवाली.” मी काढली. तिनं तिच्यावर बोट ठेवलं, अगदी तू ठेवलं होतंस त्याच जागी. म्हणाली, “त्याला जमलं तर मला का नाही जमणार?” मला समोर लाल हेल्मेट दिसलं, दप्तर दिसलं. यावेळी मी थांबले नाही. सगळं सांगितलं. तुझी निसटलेली गाडीसुद्धा. हो, तुझं गुपित मी फळीपलीकडे नेलं, एक वर्ष उशिरा. स्टिअरिंगची नोंद तिच्यासमोर ठेवली. तिनं ऐकून घेतलं, आणि मग इतकं गोड हसली. “ताई, तेव्हाची रेघ खोटी होती असं तुम्हीच म्हणता. मग ही कशावरून खरी? आणि तुम्ही त्याच्या बहीण. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.” माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. रागावलीसुद्धा नाही. मोठ्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, कुणी कुठे पाय उचलायचा ते आपण कसं ठरवणार. तुझ्या इंजिनिअरला सांगितलं, तर त्यानं आधी दार लावून घेतलं आणि मग विचारलं, “हे तिला कशाला सांगितलंत?” मी तुझ्या रेघेत खोटी खाच काढून तिला दाखवू शकते. तेवढं मला जमतं. पण एकदा माझ्या टेबलावरून कुणाचीच नसलेली रेघ गेली आहे, दुसरी जाऊ देणार नाही.

म्हणून हे पत्र. उद्या सराव आहे, परवा ती त्या वळणावर पाय उचलणार नाही, आणि ते थांबवू शकेल असा या सगळ्या टीममध्ये एकच माणूस आहे. तू स्वतः उचल, असं मी म्हणत नाही. तू उचललास तर तिला ती लबाडी वाटेल. मला एवढंच हवं आहे की आज संध्याकाळी जेवणाआधी तू फळी ओलांडून तिच्याकडे जावंस. सहा पावलं आहेत, मी मोजली आहेत. आणि तुझ्या तोंडानं सांगावंस, की त्या दिवशी वारा नव्हता, तू वाचलास, आणि रविवारी तू प्रत्येक फेरीत पाय उचललास. एवढं सांगितल्यावर तुझ्याकडे काय उरतं, ते मला कळतं. दारातला तो फोटो उरत नाही, कदाचित पुढच्या वर्षाची जागाही नाही. तू हे पत्र अर्धंच वाचून घडी करशील, आणि उद्या सकाळी माझ्याकडे न बघता म्हणशील, “ताई, तू गाडीत बसतेस का?” बसत नाही रे. मी परवा टेबलाशीही बसणार नाही, तसं साहेबांना कळवलंय. टेकडीमागे, जाळीला चिकटून, उभी राहीन. तिथं रेडिओ पोचत नाही, पण आवाज येतो. तिचा आवाज वळणात एवढासा बसला, तर तू गेला होतास हे मला कळेल. जाशील का? एकदाच, माझ्यासाठी, जा ना.

तुझीच,
जाळीपाशी उभी असलेली
ताई